ब्रेकच्या डबीतलं तेल

ही गोष्ट मी सहा वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि आमच्या घरात मीठ संपलं तरी ते दोघांना एकदमच कळतं. या दिवाळीच्या आठवड्यात गोष्टीचा एक तुकडा चार माणसांसमोर बोलून टाकला. तुकडाच. सबंध गोष्ट अजून कुणीच ऐकलेली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जाणवत नाही.

मी मोजमापाचा माणूस. चामोर्शीला माझी धानाची गिरणी आहे, लहानशीच. कुणी पोतं घेऊन आलं की काटा स्थिर होईपर्यंत मी त्याच्याशी बोलत नाही. माझ्या मापाबद्दल कुणी कधी शंका घेतली नाही, आणि लोक तसं चारचौघांत म्हणायचे तेव्हा मला बरं वाटायचं. गेली सहा वर्षं बरं वाटत नाही. का ते सांगतो. पण आधी गाडीचं सांगावं लागेल.

गाडी लढाईच्या आधीची, विलायती बनावटीची. काळी, चार दारांची. एक साहेब देश सोडून जाताना विकून गेला आणि दोन-तीन हात फिरून ती माझ्याकडे आली. इंजिन उत्तम होतं. ब्रेक मात्र सळयांचे होते. पॅडल दाबलं की गाडीच्या पोटाखाली लांब लोखंडी सळया ओढल्या जायच्या आणि चाकांच्या आतले जबडे पसरून ड्रमला घासायचे. चांगल्या सडकेवर ठीक असेल. आमच्याकडे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे दगडांचा उंचवटा — एखादी सळई वाकणारच. एक वाकली की गाडी थांबताना एका अंगाला ओढायची. पावसाळ्यात धानाच्या बांधीतला चिखल सांध्यांत जाऊन बसायचा. गाडी थांबायची, नाही असं नाही. पण कुठे थांबायचं ते तिचं ती ठरवायची.

माझा धाकटा भाऊ मधू. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करायला शिकला आणि परत आला तो हाताला कायमचा काळा रंग घेऊनच. त्याला गॅरेज टाकायचं होतं. चामोर्शीत तेव्हा गाड्या त्या किती? माझी एक, दाजीबाच्या दोन लॉऱ्या, आणि येणारी-जाणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार. दाजीबा जंगलातून बांबू आणि लाकूड वाहायचा. त्याचं काम मिळालं तर गॅरेज उभं राहणार होतं, नाहीतर नाही. इतकं ते सरळ होतं.

मधू म्हणाला, "भाऊ, हे सळ्यांचं झंझट काढून टाकू. तेलाचे ब्रेक बसवून देतो. दाजीबा पाहीन मंग."

त्यानं मला जमिनीवर कोळशानं आकृती काढून समजावलं. पॅडलाजवळ एक पंप, त्यावर तेलाची डबी, तिथून तांब्याच्या नळ्या चारही चाकांना. पाय दाबला की तेल दाबलं जातं, आणि दाबलेलं तेल चारही बाजूंना सारखाच जोर लावतं. मला ते लगेच पटलं. "सारखा" म्हटलं की मला पटतं.

त्याच बनावटीची, पण नंतरच्या सालची एक गाडी नागपूरला झाडावर आदळून भंगारात पडली होती. मधूनं तिचा पंप आणि चाकांतलं सामान आणलं. बसवायच्या जागा जुळत नव्हत्या, म्हणून लोहाराकडून पट्ट्या ठोकून घेतल्या. नळ्या वाकवताना चेपू नयेत म्हणून बाभळीच्या ओंडक्यात खाचा पाडल्या आणि त्यांत धरून एकेक नळी हळूहळू वळवली. जबड्यांना नवं अस्तर पितळी रिबिटांनी बसवलं. मी रोज गिरणी बंद केली की बघायला बसायचो. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या घरात कुणाच्या हातात असं काही नव्हतं.

पहिल्यांदा चालवून पाहिली तो दिवस मला अजून आठवतो. सरळ सडकेवर वेग घेतला आणि मधूनं पाय दाबला. गाडी थांबली — नाकासमोर, एका जागी. मी उतरून चाकांच्या खुणा टेप लावून मोजल्या. जुन्या ब्रेकांना जेवढं अंतर लागायचं, त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. मधू हसला. म्हणाला, "आता तं मानता ना भाऊ?" मी मानलं. मनापासून मानलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते त्याचं काम मला कळलं नव्हतं म्हणून केलेलं नाही.

या ब्रेकांचं खास तेल तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हतं. लष्करात अडचणीच्या वेळी करत तसं मधूनं एरंडीचं तेल आणि स्पिरिट समसमान मिसळून बाटलीत भरून ठेवलं होतं. मला बजावलं होतं — डबीत तेल कमी दिसलं तर या बाटलीतलंच घालायचं. बाटली संपली तर गाडी काढायची नाही.

दाजीबा एक दिवस गिरणीवर आला, गाडीभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं. म्हणाला, "सडकेवर तं बैलबी थांबते बाबू. नदीच्या घाटावर थांबवून दाखव. माह्यासमोर. मंग माह्या दोन्ही लॉऱ्या तुह्या दारात."

दिवस ठरला. मूलकडे जायला आमच्याकडून वैनगंगा ओलांडावी लागते. दोन डोंगे शेजारी-शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकतात आणि गाडी उतारावरून थेट त्या फळ्यांवर घ्यायची. घाटावरची रीत अशी, की नाववाल्यांतला एक माणूस गाडीसमोर तोंड करून उलटा चालत जातो, दोन्ही हात वर. चालवणाऱ्यानं फक्त त्याचे हात पाहायचे. त्यानं मूठ वळली की थांबायचं. त्या माणसाच्या मागे फळी संपते आणि नदी सुरू होते.

आता — ते तेल.

ठरलेल्या दिवसाच्या आधी मधू रबरी वायसर आणायला नागपूरला गेला होता. माझे सासरचे पाहुणे आले होते आणि मला त्यांना गाडीतून मार्कंड्याच्या देवळाला न्यायचं होतं. गरज काही नव्हती. बैलगाडीनं गेलो असतो. पण मिरवायचं होतं, दुसरं काय? डबी उघडून पाहिली तर तेल बरंच खाली गेलेलं. कुठल्यातरी सांध्यातून पाझरत असणार. बाटली रिकामी. घरात एरंडीचं तेल नव्हतं आणि बाजाराचा दिवस दूर होता. टोळंबीच्या तेलाचं पिंप मात्र भरलेलं होतं. टोळंबी म्हणजे मोहाच्या बिया. आमच्या भागात घरोघर त्यांचं तेल गाळतात, दिव्याला आणि फोडणीला वापरतात. रंग तसाच पिवळा. तेही बियांचंच तेल, हेही बियांचंच. मी वाटीनं नीट मोजून घेतलं, औषधाच्या दुकानातून आणलेलं स्पिरिट तेवढंच घातलं, ढवळलं आणि डबी वरच्या रेघेपर्यंत भरली. माप अगदी बरोबर होतं.

दुपार होती, ऊन होतं. मार्कंड्याला जाऊन आलो. ब्रेक उत्तम लागले. पाहुण्यांनी कौतुक केलं. मधू आल्यावर मी त्याला काही बोललो नाही. विसरलो नव्हतो. बाटली संपली तर गाडी काढू नका असं त्यानं सांगितलेलं होतं आणि ते मी मोडलं होतं, एवढंच कारण. धाकट्या भावाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं.

ठरलेली सकाळ पौषातली. आदल्या रात्री अशी थंडी पडली होती की गिरणीच्या हौदातल्या पाण्याला हात लावता येत नव्हता. मधू चालवायला बसला, मी शेजारी, दाजीबा मागे घोंगडी पांघरून. मधूनं निघताना पॅडल दाबून पाहिलं. घट्ट लागलं, दगडासारखं. त्याला बरंच वाटलं — ढिलं पॅडल वाईट, घट्ट पॅडल चांगलं, असंच कुणालाही वाटेल. घाट जवळच. वाटेत ब्रेक लावायची वेळ आली नाही.

उतारावर सोमा नाववाला हात वर करून उलटा चालू लागला. पुढची चाकं फळ्यांवर आली. सोमानं मूठ वळली. मधूनं पाय दाबला. गाडी चालतच राहिली.

मधूनं हातब्रेक ओढला म्हणून वेग मोडला, नाहीतर काय झालं असतं ते मी अनेकदा मनात मांडून पाहिलेलं आहे. ओल्या फळ्यांवर मागची चाकं घसरत गेली. सोमानं बाजूला उडी टाकली, थेट पाण्यात. पुढची चाकं फळीच्या टोकावरून खाली लटकली आणि गाडी नाक खाली करून अडकली. दाजीबाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

सोमा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, "मूठ दाखवली ना बे! अजून काय दाखवू? का मिठी मारू तुह्या गाडीले?" आणि काठावरची माणसं, कुणाला लागलं नाही हे दिसल्यावर, हसायला लागली. "मधूभाऊ, तहान लागली होती का गाडीले?" — "पाजून राह्यला, पाजू दे!"

मधू हसला नाही. तो वाकून हातानं पॅडल दाबत होता. पुन्हा पुन्हा. मग मान वर करून त्यानं मला विचारलं, सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात.

"भाऊ, मी नसतानी याच्यात काई टाकलं होतं काय?"

इथे मी सहा वर्षं अडकलो आहे.

त्या दिवशी पहाटे मी चुलीपाशी चहा पीत बसलो होतो. बायकोनं टोळंबीच्या तेलाची लहान बरणी निखाऱ्याजवळ ठेवली होती. तेल पांढरं, घट्ट, तुपासारखं थिजलेलं. थंडीत ते रोज थिजतं. आमच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे, मला लहानपणापासून माहीत आहे. तिनं ते विरघळवून चमचाभर कढईत घातलं. मी ते बघत होतो. पण गाडीची आणि त्या बरणीची जोड माझ्या डोक्यात तेव्हा लागली नाही. लागली ती मधूनं विचारलं त्या क्षणी. एरंडीचं तेल थिजत नाही. टोळंबीचं थिजतं. नळ्यांत लोणी भरलं आहे. सगळं एकदम कळलं.

मी म्हणालो, "नाई."

एकच शब्द. त्याला पाव सेकंद लागत असेल.

दाजीबा कपाळ चोळत म्हणाला की असल्या मिस्त्रीच्या हातात लॉऱ्या देणं म्हणजे बांबूसकट नदीत देणं. आणि मी — ऐका — मी म्हणालो, "पहिलंच काम आहे त्याचं. शिकेल." कुणीही ऐकलं तर वाटेल, थोरला भाऊ किती समजूतदार. तसंच वाटलं लोकांना. मधूची बाजू घेतोय असं दाखवून मी त्याच्यावर शिक्का मारला होता. त्या "नाई"पेक्षा हे वाक्य मला जास्त बोचतं. "नाई" घाबरून निघालं. हे वाक्य मी विचार करून बोललो.

एवढ्यावरच थांबलो असतो तर? थांबलो नाही. बैल लावून गाडी ओढून आणली आणि गिरणीच्या आवारात उभी केली. मधू न जेवता पडून राहिला होता. दुपारी ऊन चढलं, तेल सुटं झालं असणार. मी डबी रिकामी केली, चाकांपाशी नळ्या सोडून तेही तेल गळू दिलं आणि डबी स्पिरिटनं धुतली. मधू उठून आला तेव्हा त्याला सांगितलं, नदीचं पाणी गेलं होतं, खराब होईल म्हणून काढून टाकलं. तो बरं म्हणाला. त्यानं सगळे ब्रेक सोडवले, प्रत्येक रबर बोटांत धरून उजेडात पाहिलं. त्याला काहीच सापडलं नाही. सापडायला मी काही ठेवलंच नव्हतं.

मग त्यानं आपल्या हातांनी जुन्या सळया परत बसवल्या. "घ्या भाऊ, जशी होती तशी," म्हणाला, आणि महिन्याभरात बल्लारशाकडे लाकूड कापायच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे पट्टा ओढायचा, फळ्या रचायच्या. मिस्त्रीकाम सुटलं. सणाला यायचा. पहिली दोन वर्षं जेवताना मधेच म्हणायचा, "हवा राह्यली असन का नळीत? का पंपाचं रबर उलटं बसलं?" माझ्या ताटात भात असायचा. मी म्हणायचो, "असेल." तिसऱ्या वर्षापासून त्यानं विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगायला हवं — मला सुटल्यासारखं वाटलं.

या दिवाळीला तो आला होता. दाजीबाची नवी लॉरी आमच्या आवारात उभी होती. नवीन, म्हणजे तिला तेलाचेच ब्रेक — आता सगळ्यांनाच असतात. ते नीट लागत नव्हते आणि दाजीबा वैतागला होता. मधूला पाहून म्हणाला, "अरे मधू, तुले येते ना हे? पाहून दे ना जरासक. झालं गेलं गंगेले."

मधू लॉरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाई दाजीबा. माह्या हाताचा मलेच भरोसा नाई."

हे तो रडक्या आवाजात बोलला नाही. धानाचा भाव सांगावा तसं बोलला. आणि मला दिसलं की मी त्याचं गॅरेज घेतलं नव्हतं, हा भरोसा घेतला होता.

मी काटा सोडून बाहेर आलो. दोन हमालही तिथे होते. मी म्हणालो, "त्याच्या हाताची चूक नव्हती. घाटावरच्या दिवशी डबीत टोळंबीचं तेल होतं. मी टाकलं होतं."

दाजीबाचं तंबाखूचा खर्रा चघळणं थांबलं. मला वाटलं मधू अंगावर येईल. त्यानं विचारलं, "किती?"

"तीन वाट्या. तेवढंच स्पिरिट."

"पौषात." तो जमिनीकडे बघत होता. ओठ हलत होते. "म्हणजे थिजलं. म्हणून पॅडल दगड झालं होतं. भाऊ — म्हणजे जोडणी बरोबर होती?"

"बरोबर होती."

सहा वर्षांत मी त्याचा तसा चेहरा पाहिला नव्हता. राग आला तो नंतर. त्याआधी, अगदी थोडा वेळ, त्याला निव्वळ आनंद झाला होता. मग तो निघून गेला. दाजीबा पिंक टाकून मला म्हणाला, "सारी चामोर्शी तुह्या काट्याची शपथ खाते बे!" आणि तोही गेला. बायकोला संध्याकाळपर्यंत हमालांकडून कळलं होतं. तिनं ताट वाढलं आणि समोर बसली नाही.

पण मी तिथेही हात राखूनच बोललो होतो. टाकलं एवढं सांगितलं. त्या क्षणी कळलं होतं, आणि नंतर डबी धुतली, हे सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांना वाटलं, बिचाऱ्याला उशिरा उमजलं. मी त्यांना तसं वाटू दिलं.

दोन दिवस मधू माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आवारात पान्यांचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर तो लॉरीखाली होता, नुसते पाय दिसत होते. दाजीबा बाजूला उकिडवा बसून बिडी ओढत होता. त्या ब्रेकांच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं चाकापाशी स्क्रू सोडायचा, दुसऱ्यानं वर बसून सांगेल तसं पॅडल दाबायचं. दाजीबा उठायला लागला, तर मधू खालून म्हणाला, "तुमी बसा दाजीबा. भाऊ, चढा वर."

मी चढलो.

"दाबा." मी दाबलं. "धरून ठेवा." खाली तेलात बुडबुडे फुटल्याचा आवाज. "सोडा." असं पुष्कळदा झालं. पॅडल आधी पोकळ लागत होतं, हळूहळू भरत होतं. मग एकदा "दाबा" आलंच नाही. मी पाय तसाच ठेवून वाट पाहत बसलो.

खालून आवाज आला, "डबी तुमीच धुतली होती ना त्या दिशी?"

"हो."

"पानी गेलं होतं म्हनून?"

"नाई. पाणी नव्हतं गेलं."

"मंग तुमाले तवाच कळलं होतं."

"हो. तू विचारलं तेव्हाच."

दाजीबाची बिडी विझली होती तरी तो ती तोंडात धरून बसला होता. लॉरीखाली पाना एकदा दगडावर ठेवल्यासारखा वाजला.

मग मधू घासत, सरकत दुसऱ्या चाकाकडे गेला. तीन चाकं अजून बाकी होती.

"दाबा," तो म्हणाला.